दुसऱ्यांदा उघडू नये म्हणून

वेणीमाधव : दार लोट. पूर्ण लावू नकोस, बोटभर फट राहू दे. पूर्ण लावलं की बाईंना संशय येतो.

अनिमेष : बजामावशी खाली चहा सांगायला गेल्यात, काका.

वेणीमाधव : सात मिनिटं लागतात त्यांना. दोन चहाला, पाच चहावाल्याच्या सुनेची चौकशी करायला. मी तीन दिवस घड्याळ लावून बघितलंय. बोल, काय सापडलं?

अनिमेष : सोमवारी मी आपल्या स्थळांच्या नोंदीच्या प्रोग्रामला एक काम लावून दिलं होतं. कधी उघडला, कधी बंद झाला, त्याची वेळ लिहून ठेवायची. ही त्याची यादी. मंगळवारचं बघा. उघडला नऊ बेचाळीस. उघडला नऊ चव्वेचाळीस.

वेणीमाधव : आणि मधे बंद कधी झाला?

अनिमेष : झालाच नाही. म्हणजे एकाच वेळी दोन विंडो. तोच प्रोग्राम, दोनदा उघडलेला. बुधवारी तेच, गुरुवारी तेच. आज शुक्रवार, आजही दोन आहेत.

वेणीमाधव : दोन. म्हणजे मी म्हणत होतो ते काही चुकीचं नव्हतं. अडतीस वर्षं मी सरकारी रेकॉर्ड सांभाळलंय, अनिमेष. दोन रजिस्टरं ठेवणारा माणूस एक साहेबाला दाखवतो आणि दुसरं पोटाशी धरतो. तिसरा प्रकार मी तरी पाहिलेला नाही.

अनिमेष : काका, दोनदा क्लिक केलं की दोनदा उघडतो तो. मीच तसा ठेवलाय. खरं म्हणजे चूक माझी. पहिला उघडा असताना दुसरा उघडायलाच नको होता. आज कुलूप बसवतो आणि जातो.

वेणीमाधव : कुलूप चोर गेल्यावर बसव. आधी हे पत्र ऐक. अकलूजची मुलगी आहे, अंकिता. तिथंच शाळेत शिकवते, एकटी राहते. आपल्या वधू-वर केंद्रात गेल्या वर्षी तिच्या वडिलांनी नाव घातलं. ती काय लिहिते, ऐक. 'मी तीन वेळा रजा टाकून सोलापूरला आले. माझ्या फॉर्मवर वडिलांच्या नंबरऐवजी माझा नंबर घाला, स्थळ आलं तर आधी मला विचारा, असं सांगितलं. तिन्ही वेळा माझ्यासमोर बदल केला गेला. तिन्ही वेळा दुसऱ्या दिवशी वडिलांचाच नंबर परत आला आणि स्थळं त्यांच्याकडे गेली. माझ्या वडिलांच्या सांगण्यावरून तुमच्याकडे हे कोण करतं? मी चार महिने घरी गेलेले नाही, वडिलांशी बोलत नाही. शुक्रवारी पाच वाजेपर्यंत मला त्या व्यक्तीचं नाव कळवावं.' सही.

अनिमेष : अक्षर छान आहे.

वेणीमाधव : अक्षराचं काय घेऊन बसलास? पाच वाजता समिती बसतेय. अध्यक्ष सरोजिनीबाई स्वतः येणार आहेत. त्यांच्यासमोर सचिव म्हणून मला त्या व्यक्तीचं नाव ठेवायचंय, आणि ते मी ठेवणार आहे. आता आणखी एक गंमत. मुलीचे वडील आदिनाथराव कुठले? मोडनिंबचे, आजही तिथंच राहतात. आणि आपल्या बजाबाई कुठल्या?

अनिमेष : मोडनिंबच्या.

वेणीमाधव : सबब, प्रथमदर्शनी संगनमत. दिवसभर बदल दिसतो, सकाळी नाहीसा होतो. संध्याकाळी कुलूप कोण लावतं? बजाबाई. मी वहीत सगळं टिपून ठेवलंय. दिवाळीपासून अकरा तक्रारी, आणि ऐक हं, अकराच्या अकरा मुलींच्या. मुलांची एक नोंद हललेली नाही. एक तारखेपासून बाईंनी येऊ नये, अशी शिफारस लिहून पाकीट बंद केलंय. वर 'गोपनीय' लिहिलंय.

अनिमेष : सगळ्या मुलींच्याच? हे विचित्र आहे.

वेणीमाधव : विचित्र काय? लबाडीलासुद्धा शिस्त असते. पाऊल वाजलं. तू नुसतं टाइप करत राहा.

[बजाबाई तीन कप घेऊन आत येतात.]

बजाबाई : बोटभर फट ठिवली म्हंजी माझ्याबद्दल चाललंय. पूर्ण लावलं असतं तर मला वाटलं असतं, बँकेचा माणूस आलाय. घ्या, च्या घ्या. दादा, तुमचा बिनसाखरेचा. वजन वाढलंय तुमचं, लग्नाच्या फॉर्मवर जुनाच आकडा हाय.

अनिमेष : तो बदला की मग, मावशी. मुलांचं केलेलं टिकतं म्हणे.

वेणीमाधव : अनिमेष.

बजाबाई : बोलू द्या की. टिकतं, व्हय. मुलांचं टिकतं, मुलींचं न्हाय. मला काय दिसत न्हाय व्हय? साहेब, त्या टेबलावर पाकीट हाय, सरोजिनीबाईंच्या नावाचं. गोंद ओला हाय अजून. मी काय वाचलं न्हाय. पण 'गोपनीय' लिहिलं म्हंजी आत माझंच नाव असणार. हितं दुसरं हाय कोण?

वेणीमाधव : बसा. मी विचारतो त्याचं उत्तर द्यायचं. प्रोग्राम तुम्ही दोनदा उघडता, हे खरं की खोटं?

बजाबाई : खरं. रोज उघडते.

वेणीमाधव : कबूल करता?

बजाबाई : त्यात कबूल काय करायचंय? पाणी पिते का इचारलं असतं तरी व्हयच म्हणाले असते. एकात मुलगी उघडते, दुसऱ्यात मुलगा. डाव्या अंगाला ती, उजव्या अंगाला तो. दोघांना शेजारी ठिवल्याबगर जुळतंय का न्हाय ते कळंल कसं? कागदाचं होतं तवा टेबलावर दोन फॉर्म मांडत होते. ह्या दादांनी काम्प्युटर दिला, त्यात एका टायमाला एकच माणूस दिसतंय. मुलाकडं गेलं की मुलगी गायब. उंची इसरते, रास इसरते. मग मला सुचलं, परत क्लिक करून बघावं. उघडलं की. बेचाळिसाव्या वर्षी एमएससीआयटी केलंय मी, फुकट न्हाय.

अनिमेष : मावशी, हे मला कधी सांगितलं नाहीत.

बजाबाई : तुमी इचारलं कधी? तुमी येता, वायर हलवता, साहेबांशी बोलता आन् जाता.

वेणीमाधव : विषयांतर नको. दोन उघडल्यावर एकातून मुलींचे बदल पुसता येतात, हे तुम्हाला माहीत होतं का?

बजाबाई : पुसता येतात? मी पुसते म्हणताय तुमी?

वेणीमाधव : मी काही म्हणत नाही. नोंदी म्हणतात.

बजाबाई : मग माझ्या नोंदी ऐका. थांबा. डब्याच्या पिशवीत हाय. ही बघा, शंभर पानी. दिवाळीपासून ज्या ज्या मुलीनं येऊन काय बदलायला सांगितलं, ते मी ह्यात लिहिलंय. तारीख, वेळ, मुलीची सही. त्रेसष्ट हायत. सकाळी आल्यावर बघायचं आन् पुढं लिहायचं, 'गेलं'. परत घालायचं. दुसऱ्या सकाळी परत 'गेलं'.

वेणीमाधव : ही वही कशासाठी?

बजाबाई : तुमाला पकडायला.

अनिमेष : मावशी?

बजाबाई : खोटं कशापायी बोलू? मुलीनं अट घातली की साहेबांचं तोंड बघा तुमी. 'शिक्षण चालू ठेवणार' म्हटलं की तोंड. 'मुलाशी आधी एकटीनं बोलणार' म्हटलं की त्येच. 'मुली आता अटी घालायला लागल्या, आम्ही फक्त पोस्टमन' हे कुणाचं बोलणं? आदिनाथरावांचा फोन आला की 'या या, कसं काय' कोण म्हणतंय? दुसरी किल्ली कुणाकडं असती? मला वाटलं, मी गेल्यावर येऊन पुसताय.

वेणीमाधव : मी? माझ्यावर तुम्ही पाळत ठेवलीत?

बजाबाई : तुमी घड्याळ लावून माझा च्या मोजता, मी काय बोलले?

अनिमेष : एक मिनिट. दोघंही दोन मिनिटं गप्प बसा. मावशी, काल दिवसभर तुम्ही काय काय उघडलं आणि काय काय बंद केलं, ते करून दाखवा. जसं रोज करता तसंच.

बजाबाई : हे बघा. सकाळी आले की आधी मुलींची विंडो. मग मुलांची. मुलांची दिवसभर उघडी. मुलींची मात्र उघडझाक. दारात कुणी आलं की पहिली ती बंद. गेलं की परत उघडायची. दिवसात पंधरा-वीस डाव तरी हुतंय.

अनिमेष : दारात कुणी आलं की मुलींचीच का बंद?

बजाबाई : तो कागद वाचा की, माझ्या डोक्यावर चिकटवलेला. साहेबांच्या सहीचा.

अनिमेष : 'मुलींचे फोटो व माहिती पडद्यावर उघडी ठेवू नये. अभ्यागत येताच बंद करावी. आदेशावरून.'

बजाबाई : दिवाळीत एका मुलाच्या काकानं हितं उभं राहून मोबाइलात पडद्यावरच्या मुलीचा फोटो काढला. लई बोभाटा झाला. तवापासून नियम. आन् बरोबरच हाय की. पोरीचा फोटो असा चारचौघांत उघडा ठिवायचा व्हय? मुलाचा दिसला तर कोण काय म्हणत न्हाय.

अनिमेष : आणि संध्याकाळी?

बजाबाई : मुलींची तर कवाच बंद असती. निघताना मुलांची बंद करते आन् मशीन बंद.

अनिमेष : रोज? रोज शेवटी मुलांची?

बजाबाई : रोज. का वो? तुमचं तोंड असं का झालं?

अनिमेष : काका, तुमच्या वहीत बघा. दिवाळीनंतर एखाद्या दिवशी मुलीचा बदल टिकलाय का? एक तरी?

वेणीमाधव : एक अपवाद आहे. चौदा जानेवारीची नोंद. इंद्रायणी, उंची दुरुस्त केली. दुसऱ्या दिवशी शाबूत. मी पुढे प्रश्नचिन्ह घातलंय. मला वाटलं, त्या दिवशी बाईंना संक्रांतीची घाई असेल, पुसायला वेळ मिळाला नसेल.

बजाबाई : माझ्यात पण हाय. इंद्रायणी, 'ऱ्हायलं'. आन् ध्यानात हाय मला, त्या दिवशी पाचला लाईट गेली. मशीन तसंच धप्पकन बंद पडलं.

अनिमेष : आणि त्या दिवशी एखाद्या मुलाचं काही बदललं होतं?

वेणीमाधव : पृथ्वीराज. त्याच्या आईनं दुसऱ्या दिवशी येऊन माझ्या टेबलावर हात आपटला होता. मुलाचा वाढलेला पगार सांगून गेले, तरी तुम्ही जुनाच ठेवला म्हणून. लिहायचंच राहिलं असेल असं धरून मी ते तक्रारींत घेतलं नव्हतं.

अनिमेष : झालं. कळलं मला. कोणी काही पुसत नाही. हा प्रोग्राम मी लिहिला तेव्हा सोपा मार्ग धरला. तो उघडला की सगळी यादी स्वतःकडे उतरवून घेतो, मुलं-मुली सगळे. बंद होताना ती सगळी यादी परत फाईलमध्ये ठेवतो. एकच विंडो असेल तर काही बिघडत नाही. दोन असल्या की दोन याद्या. जी शेवटी बंद होते, तिची यादी खरी. आधीच्या यादीवर ती जाऊन बसते.

वेणीमाधव : नीट सांग. मी सेवानिवृत्त आहे, मूर्ख नाही, पण नीट सांग.

अनिमेष : सकाळी मुलांची विंडो उघडली. तिच्याकडे सकाळची यादी. दिवसभरात अंकिताचा नंबर मुलींच्या विंडोत बदलला, ती बंद झाली, नंबर फाईलमध्ये गेला. परत उघडली की दिसतोय. सगळं ठीक. संध्याकाळी मुलांची विंडो बंद झाली. तिच्या यादीत मुलांचे आजचे बदल आहेत, पण मुली मात्र सकाळच्या. ती तिची यादी फाईलवर ठेवून गेली. मुलींचं दिवसभराचं पुसलं. लाईट गेली त्या दिवशी मुलांच्या विंडोला ठेवायला वेळच मिळाला नाही, म्हणून इंद्रायणीची उंची टिकली आणि पृथ्वीराजचा पगार गेला.

वेणीमाधव : आणि नवीन मुली? त्यांची नावं कशी जात नाहीत?

अनिमेष : नवीन नोंदणी तुम्ही रविवारी करता. एकटे. दुसरी विंडो उघडायची तुम्हाला माहीतच नाही.

वेणीमाधव : हे सगळं बोलायला छान आहे. सिद्ध कर. उद्या तू म्हणशील, मांजर येऊन नंबर बदलतं.

अनिमेष : करतो. प्रोग्राम बनवताना मी एक खोटं नाव घातलं होतं, चाचणीसाठी. ही बघा, गुरम्मा, वय नव्व्याण्णव.

बजाबाई : तिला दोन स्थळं आलीती. मी सांगितलं, जुळत न्हाय.

अनिमेष : मावशी, दोन्ही उघडा. डावीकडे गुरम्मा. अपेक्षा या रकान्यात काहीतरी लिहा.

बजाबाई : 'लग्न करायचं न्हाय.' लिहिलं. समजा मुलाचा काका आला दारात, मुलींची बंद. आता परत उघडते. हाय की. 'लग्न करायचं न्हाय.' हाय बघा, साहेब.

अनिमेष : आता परत मुलींची बंद करा. आणि शेवटी मुलांची बंद करा, जशी घरी जाताना करता. झालं? आता काका, तुम्ही स्वतःच्या हाताने उघडा.

वेणीमाधव : गुरम्मा. अपेक्षा... 'निर्व्यसनी, सुशिक्षित वर'.

बजाबाई : नव्व्याण्णवाव्या वर्षी परत बोहल्यावर चढली.

वेणीमाधव : पुन्हा करून दाखव.

अनिमेष : तिसऱ्यांदाही तेच येईल.

वेणीमाधव : तरी कर.

अनिमेष : बघा. तेच.

वेणीमाधव : हं. म्हणजे प्रोग्राम तुझा, दोनदा उघडणं बाईंचं, आणि मुलींची आधी बंद करायची हा...

बजाबाई : कागद तुमचा.

वेणीमाधव : कागद माझा.

बजाबाई : मी तर म्हणते, नियम बरोबरच हुता.

वेणीमाधव : बरोबर होता म्हणून पाळलात. पाळला नसतात तर हे झालं नसतं. अडतीस वर्षांत असा निकाल मी लिहिलेला नाही.

अनिमेष : आता मी कुलूप बसवतो. कसं ते सांगतो, म्हणजे तुम्हाला संशय नको. रेकॉर्डच्या खोलीतून फाईल काढली की तुम्ही तिच्या जागी काय ठेवायचात?

वेणीमाधव : पुठ्ठा. वर नेणाऱ्याचं नाव.

अनिमेष : तसंच. पहिला प्रोग्राम उघडला की एक पुठ्ठा धरतो. दुसऱ्यांदा क्लिक केलं की नवीन आलेला आधी पुठ्ठा बघतो. आहे म्हटल्यावर तो उघडत नाही, पहिल्याच विंडोला पुढे आणतो आणि स्वतः निघून जातो.

वेणीमाधव : आणि नेणारा मेला तर? आमच्याकडे एकदा झालं होतं. फाईल आली परत, पुठ्ठा तिथंच, सात वर्षं 'फाईल बाहेर आहे' म्हणत होते. लाईट गेली, पुठ्ठा राहिला, तर सकाळी उघडणारच नाही.

अनिमेष : म्हणून पुठ्ठा कपाटात ठेवत नाही, प्रोग्रामच्या हातात ठेवतो. तो पडला की त्याच्याबरोबर पुठ्ठाही पडतो. हे झालं बघा. क्लिक करा.

वेणीमाधव : उघडला. परत करतो. हं. नवीन नाही आला. हाच पुढे आला. परत. परत. आणि उजवं बटण दाबून?

अनिमेष : कसंही. दिवसभर दाबा.

बजाबाई : साहेबांना आता दिवसभराचं काम मिळालं. पण दादा, माझं काय? मुलगी आन् मुलगा शेजारी कसं बघू मी? तुमचं कुलूप माझ्याच हाताला लागलं की.

अनिमेष : एकाच विंडोत दोन बाजू करून देतो. डावीकडे मुलगी, उजवीकडे मुलगा, यादी एकच. आणि मुलीची बाजू झाकायला एक बटण. बंद करायचं नाही, नुसतं झाकायचं. दोन आठवडे द्या.

बजाबाई : तवर?

अनिमेष : मुलाच्या फॉर्मची प्रिंट काढा आणि पडद्याशेजारी धरा.

बजाबाई : मुलाचीच. मुलीची प्रिंट टेबलावर ऱ्हायली तर साहेब दुसरा कागद चिकटवतील.

वेणीमाधव : झालं तुमचं बोलून? चार पस्तीस झालेत. सरोजिनीबाई येतील. बजाबाई, या पाकिटात काय आहे ते तुम्ही ओळखलंत. उघडून वाचणार का?

बजाबाई : न्हाय. तुमी वाचा, तुमी लिहिलंय. मला एवढंच सांगा, काढलं म्हणून लिहिलंय का चोरटी म्हणून काढलं, असं लिहिलंय?

वेणीमाधव : 'विश्वासास अपात्र' असा शब्द आहे.

बजाबाई : त्येच की. मराठीत चोरटी. साहेब, काम काय, दुसरीकडं मिळंल. चार घरच्या पोळ्या करीन. पण माझी धाकटी हाय ह्याच प्रोग्रामात. फॉर्म मीच भरलाय, बुधवारी. आईला 'विश्वासास अपात्र' म्हणून काढली, ही गोष्ट मोडनिंबला जायला दीड तास लागतोय. मग तिचा फॉर्म कोण उघडंल? डाव्या अंगाला ठिवून कोण बघंल?

वेणीमाधव : बुधवारी भरलात म्हणता? बुधवारी?

बजाबाई : रविवारी तुमी बसता. तुमच्यासमोर माझ्या लेकीचा फॉर्म भरायला मला... नको वाटलं.

अनिमेष : बुधवारी भरला असेल तर तो नाहीच यादीत, मावशी. संध्याकाळी गेला असणार.

बजाबाई : कोणत्या बुधवारी?

अनिमेष : तुम्हीच सांगा.

बजाबाई : दिवाळीनंतरचा दुसरा. मी परत उघडून बघितलाच न्हाय. आपल्याच लेकीचा फॉर्म सारखा सारखा काय उघडायचा म्हणून. मला वाटलं, स्थळ येत न्हाय ते काळी हाय म्हणून येत न्हाय.

वेणीमाधव : अनिमेष, ते पाकीट इकडे दे.

अनिमेष : हे घ्या. फाडताय?

वेणीमाधव : फाडत नाही. जावक क्रमांक पडलाय, फाडता येत नाही. याच्यावरच लिहितो. 'आतील शिफारस निम्नस्वाक्षरीकाराने संपूर्ण चौकशीविना केली. नोंदी नष्ट होण्यास निम्नस्वाक्षरीकाराचा दिवाळीतील आदेश कारण झाला असून, सदर कर्मचारी महिलेने त्या आदेशाचे तंतोतंत पालन केले. त्रेसष्ट बदलांची एकमेव विश्वासार्ह नोंद त्यांच्याच वहीत आहे.' बाई, 'विश्वासार्ह'. वाचून घ्या.

बजाबाई : निम्न का काय ते कोण?

अनिमेष : काका स्वतः.

बजाबाई : मग 'मी' लिहा की सरळ. सरोजिनीबाईंना पण कळायला पायजे.

वेणीमाधव : 'मी' असं कार्यालयीन पत्रात... बरं. 'मी'. खोडून 'मी' केलं. झालं समाधान? आता तुमच्या मुलीचा फॉर्म. आज शुक्रवार आहे, पण कुलूप बसलंय. भरा. मी समोर बसतो. नको वाटत असेल तर बाहेर उभा राहतो.

बजाबाई : बसा. तुमीच लिहून घ्या, मी सांगते. रंग लिहायचाय का?

वेणीमाधव : तो रकाना मला कधीच आवडलेला नाही. रिकामा ठेवतो.

अनिमेष : काका, फोन वाजतोय. अकलूजचा नंबर दिसतोय.

वेणीमाधव : अंकिता. पाचला अजून दहा मिनिटं आहेत. 'चौकशी चालू आहे' असं सांगून टाकू का? सोमवारी सविस्तर लेखी...

बजाबाई : चार महिने त्या पोरीनं बापाचा आवाज ऐकला न्हाय, माझ्या वहीत सही करताना म्हणाली. आणिक तुमी सोमवार सांगता.

वेणीमाधव : उचलतो. हॅलो. हो, मीच, वेणीमाधव. नमस्कार. तुमचं पत्र समोर आहे. हो, नाव मिळालं. ऐका. तुमचा नंबर कोणी पुसला नाही. नाही, झाकत नाहीये मी काही. तुमचा फोटो उघडा राहू नये म्हणून मी एक नियम केला होता, आणि त्यामुळे तुमचं म्हणणं रोज संध्याकाळी पुसलं जात होतं. ते कसं, हे आमचा अनिमेष नीट सांगेल. लेखी माफी पाठवतो, माझ्या सहीची. नाही. बजाबाईंनी नाही. त्यांच्याच वहीत तुमच्या तीन सह्या आहेत. काय म्हणालात? ...नाही हो. वडिलांचा या गोष्टीसाठी आम्हाला एकही फोन आलेला नाही. येतात ते फोन दुसरेच. दर पंधरा दिवसांनी एवढंच विचारतात, की मुलगी सोलापूरला येऊन गेली का, बरी दिसत होती का. मला वाटायचं, स्थळासाठी घाई करतायत. हो. एकदाही नाही. हॅलो? आहात ना?

अनिमेष : कट झाला?

वेणीमाधव : नाही. आहे लाइनवर. बॅग भरतेय वाटतं, चेन ओढल्याचा आवाज आला.

बजाबाई : मग भरू द्या की तिला. थांबा जरा.

वेणीमाधव : ...हो, आहे, आहे. बोला. काय? थांबा, इथं माहीतगार आहेत, विचारून सांगतो. बजाबाई, अकलूजहून आत्ता निघालं तर मोडनिंबला जायला काय मिळेल?

बजाबाई : थेट गाडी न्हाय आता. टेंभुर्णीला उतरून बदल म्हणावं, अंधारायच्या आत पोचती.